लिफ्ट

दसऱ्याच्या आदल्या दिवशी लिफ्ट अडकली,
तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये.
आत गोम्सांचा गॅस सिलिंडर आणि तो आणणारा मुलगा.
मुलगा चाळीस मिनिटांनी बाहेर आला,
सिलिंडर दुसऱ्या दिवशी,
आणि लिफ्ट सुरू व्हायला सात महिने गेले.

मी सहाव्यावर राहते.
टिळकनगरातल्या ज्या इमारतीला आम्ही अजून नवी बिल्डिंग म्हणतो
तिला सतरा वर्षं झाली,
माझ्या गुडघ्यांना अठ्ठावन्न.
पायऱ्या एकशे आठ, जपमाळेइतक्या.
रोज मोजल्या, पण देव कधी आठवला नाही,
आठवायचा तो सेक्रेटरी.

मीटिंगा झाल्या.
खालचे म्हणाले, आम्ही का भरायचे?
वरचे म्हणाले, मग टाकी कुठे आहे, गच्चीवरच ना?
चहा गार झाला. ठराव वहीत झोपला.

त्या दिवसांत मी दुःखी होते.
याहून मोठा शब्द नको, आणि लहानही.
दोन किलोऐवजी दीड किलो कांदे घ्यायचे.
कोथिंबीर राहिली तर राहिली.
बहिणीला फोनवर सांगायचे, तू चढू नकोस, मीच येते,
आणि जायचे नाही.

मग एका संध्याकाळी तिसऱ्यावर, जिन्याच्या वळणाशी,
एक खुर्ची दिसली.
लाल, प्लास्टिकची, एका हाताला तार गुंडाळलेली.
कुणाची म्हणून विचारण्याइतका श्वास नव्हता. बसले.
दार किलकिलं झालं. आतून आवाज:
पाणी देऊ की आधी दम घेताय?

वेंगुर्लेकर बाई.
सतरा वर्षांत मला त्यांचं नाव
फक्त मीटरच्या पेटीवर माहीत.

त्या खुर्चीत बसून मी पुष्कळ ऐकलं.
दुसऱ्यावरचा पोरगा सतराचा पाढा सतरा सक्कं पर्यंत म्हणतो
आणि तिथे रोज रडतो.
गोम्स मासळी तळताना शिट्टी वाजवतात, बेसूर.
बाईंचा मुलगा मस्कतला. रविवारी फोन करतो.
गुरुवारपासून त्या रविवारबद्दल बोलतात,
सोमवारी बोलत नाहीत.

आणि एकदा खुर्चीत डहाणूकर.
माझ्या मोरीचं पाणी त्यांच्या छतातून नऊ वर्षं झिरपतंय,
आणि आमचा अबोलाही तितकाच जुना, तितकाच ओला.
मांडीवर दुधी भोपळा घेऊन बसले होते, तान्हं मूल धरावं तसे.
मला पाहिलं, उठले.
बसा, म्हणाले.
एवढंच.
भिंतीला टेकून धापा टाकत राहिले
आणि छताबद्दल चकार शब्द काढला नाही.

मे महिन्यात लिफ्ट आली.
नवी कोरी, आत आरसा, मजला आला की टिंग करणारी.
नारळ फुटला, पेढे वाटले, सेक्रेटरीने फोटो काढून घेतला.
मी खूश झाले. खोटं कशाला बोलू?
पहिल्याच दिवशी अडीच किलो कांदे आणले,
शिवाय कलिंगड.
बहीण आली, राहिली, घोरली.

बावीस सेकंदांत सहावा मजला.
बावीस सेकंद आरशात मी आणि माझी पिशवी.
पाढा कुठवर पोचला, कळत नाही.
डहाणूकर भेटतात, मान हलवतात,
दोघंही वर बदलणाऱ्या आकड्यांकडे बघतो.

गेल्या सोमवारी
बोट सहावर जायचं ते तीनवर गेलं.
वळणाशी खुर्ची नव्हती.
फरशीवर तिच्या पायांचे चार फिकट डाग.

बेल वाजवली.
बाईंनी दार उघडलं, मला पाहून म्हणाल्या,
अगं बाई, बिघडली की काय पुन्हा?
त्या आवाजात काळजी किती होती
आणि दुसरं काही किती, मला सांगता येणार नाही.

हो, म्हटलं. बिघडली.

त्या आत गेल्या, खुर्ची आणायला.
तेवढ्यात माझ्या पाठीमागे टिंग झालं,
दार सरकलं, उजेड आला, कुणीच उतरलं नाही,
दार मिटलं, लिफ्ट वर गेली.

बाई खुर्ची घेऊन उंबऱ्यातच उभ्या होत्या.
ऐकलं त्यांनी. मीही.
पदराने त्यांनी खुर्ची पुसली.
बसा, म्हणाल्या, पाणी आणते.